नोकरी नाही, भीड सोडा

पत्र थोडक्यात असं आहे. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पत्रलेखिका 38 वर्षांच्या आहेत. नागपूरच्या धंतोलीतल्या एका कॉम्प्लेक्समध्ये सी.ए.च्या ऑफिसात सहा वर्षांपासून अकाउंट्स बघतात, राहायला मनीषनगरला. रिटर्न भरायच्या दिवसांत निघायला आठ-साडेआठ होतात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात त्या तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी काढायला उतरल्या, तेव्हा एक माणूस दोन खांबांच्या मध्ये उभा होता. त्यानं विचारलं, "मॅडम, इथं आधी झेरॉक्सचं दुकान होतं ना?" त्या उत्तर देत असतानाच तो जवळ आला, गाडीच्या हँडलवर हात ठेवला आणि म्हणाला, "रोज एकट्याच जाता का?" त्यांच्या हातातून किल्ली पडली, तोंडातून आवाज फुटेना. तेवढ्यात रॅम्पवरून एक कार खाली आली, उजेड पडला आणि तो माणूस सावकाश चालत निघून गेला.

त्या लिहितात: "झालं काहीच नाही, पण त्या दिवसापासून मला खाली उतरवत नाही. यजमान म्हणतात, रोज न्यायला येतो, नाहीतर नोकरी सोड. सासूबाई म्हणतात, एवढ्या रात्रीपर्यंत काऊन थांबायचं बाईनं? मी ओरडले का नाही, याचंच राहून राहून वाईट वाटतं. मी एवढी भित्री आहे का? कराटे शिकू, पर्समध्ये स्प्रे ठेवू, की सरळ नोकरीच सोडू? मुलगी आठवीत आहे, सायकलनं ट्यूशनला जाते. तिला मी काय शिकवणार?"

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा "झालं काहीच नाही" या वाक्यापाशी अडले. झालं ना, ताई. एका परक्या माणसानं तुमची वाट अडवली, तुमच्या गाडीवर हात ठेवला आणि तुमच्या जाण्यायेण्यावर आपलं लक्ष आहे हे तुम्हाला ऐकवलं. अंगाला हात लागला नाही म्हणजे काही झालंच नाही, हा हिशेब आपण बायका फार लहानपणी शिकतो. आधी तो खोडून टाका, कारण तो डोक्यात असेल तर पुढचं काहीच नीट सुचणार नाही.

आता "भित्री"बद्दल. बोबडी वळली, दातखीळ बसली, पाचावर धारण बसली, हातपाय गळाले, पाय जमिनीला खिळले. एकाच गोष्टीसाठी आपल्या भाषेत एवढे शब्दप्रयोग उगाच जमा झालेले नाहीत. संकट अचानक समोर आलं की शरीर एक तर पळतं, नाहीतर भिडतं, नाहीतर थिजतं, आणि यातलं काय होणार हे ठरवताना ते आपल्याला विचारत नाही. बलात्कारानंतर स्टॉकहोमच्या तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या 298 स्त्रियांचा एक अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या 70 टक्के स्त्रियांनी सांगितलं, की त्या वेळी शरीर जागच्या जागी गोठल्यासारखं झालं होतं. तुमच्यावरचा प्रसंग वेगळा होता, पण घसा बंद होण्यामागचं कारण तेच. त्या क्षणाचा दोष स्वतःला देऊ नका. थिजणं आपल्या हातात नसतं. त्याच्या आधीचे पाच-सहा सेकंद मात्र पुष्कळदा असतात, आणि तुमच्याकडेही ते होते.

पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही एक ओळ अगदी ओझरती लिहिली आहे: "तो कुठल्याच गाडीकडे बघत नव्हता आणि हातात किल्लीही नव्हती, हे रॅम्पवरच माझ्या लक्षात आलं होतं, पण म्हटलं, उगाच कुणाबद्दल वाईट कशाला समजा." ही ओळ मी पेन्सिलनं अधोरेखित केली आहे. ताई, तुमची नजर चोख आहे. पार्किंगमध्ये माणूस येतो तो गाडीसाठी. ज्याला गाडी काढायचीही नाही आणि लावायचीही नाही, तो तिथं का उभा आहे, हा प्रश्न तुमच्या डोक्यानं बरोबर वेळेला विचारला होता. आणि झेरॉक्सच्या दुकानाची चौकशी तळघरात एकट्या बाईकडे कुणी करतं का? वर वॉचमन होता, पानठेला होता. हे सगळं तुम्हाला दिसलं, कळलं, आणि तरी तुम्ही थांबून उत्तर दिलंत. तुम्हाला धैर्य कमी पडलं नाही. तुम्हाला भीड पडली.

भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात ते पैशाच्या व्यवहारात. पण मला वाटतं, बाईच्या सुरक्षिततेत ती त्याहून महाग पडते. विचारणाऱ्याला उत्तर द्यावं, वडीलधारा असेल तर हसून द्यावं, तोंडावर पाठ फिरवू नये, हे वळण आपल्याला मायेनंच लावलेलं असतं. त्याचा फायदा कोण घेतं तेही आपण बघतो. मी स्वतः एकदा लिफ्टचं दार उघडल्यावर आतल्या माणसाची नजर बघून दचकले होते, पाऊल मागे घ्यावंसं वाटलं होतं, आणि तरीही "त्याला काय वाटेल" म्हणून आत शिरले. सहा मजले मी बटणांकडे बघत काढले. काही घडलं नाही. आता मी अशा वेळी "व्हा तुम्ही पुढे" म्हणते आणि बाहेरच थांबते. समोरचा सज्जन असेल तर त्याचं काही बिघडत नाही, तो निघून जातो.

म्हणून तुम्हाला माझा पहिला आणि सगळ्यात मोठा सल्ला हा, की स्वतःला उद्धट वागायची परवानगी द्या. रॅम्पवरून माणूस खटकला की तिथूनच मागे फिरा. कारण सांगायची गरज नाही, फोन विसरला असं नाटक करायचीही नाही. अंतर कमी व्हायला लागलं की हात पुढे करून मोठ्यानं, "तिथंच थांबा." प्रश्न विचारला तर "वर वॉचमनला विचारा" एवढंच, तेही चालता चालता. 'सॉरी' नको, 'जरा' नको, हसणं नको. हे शब्द ऐनवेळी सुचत नाहीत, म्हणून आधी घरात म्हणून ठेवावे लागतात. आरशासमोर पहिल्यांदा लाज वाटेल. पंधराव्यांदा वाटणार नाही.

कराटेचं तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर यातच आहे. शिकायचं असेल तर जरूर शिका, अंगात बळ आलेलं कुणाला नको आहे? पण रविवारच्या दोन तासांच्या शिबिरावर भिस्त ठेवू नका. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत विद्यार्थिनींसाठी एकूण 12 तासांचा एक प्रशिक्षणक्रम घेऊन तपासला गेला. निष्कर्ष 2015 साली आले. ज्यांना फक्त माहितीपत्रकं दिली त्यांच्यात वर्षभरात बलात्काराचं प्रमाण 9.8 टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्यांमध्ये 5.2 टक्के. या 12 तासांत हातापायांचे डावपेच होतेच, पण धोका ओळखायचा कसा आणि ओळखीच्या माणसाला विरोध करताना मनात जो संकोच आड येतो तो बाजूला कसा सारायचा, यावर बराच वेळ दिला होता. आपण ज्याला भीड म्हणतो, ती तिथं शिकवून सोडवली गेली.

स्प्रेबद्दलही तेच. ठेवा, आपल्याकडे बाळगायला हरकत नाही. मात्र तो डब्याखाली, पाण्याच्या बाटलीखाली, पर्सच्या तळाशी असेल तर असून नसल्यासारखा. तो किल्लीसोबत हातात असला पाहिजे, त्यावरची मुदत बघितलेली असली पाहिजे आणि एकदा मोकळ्या मैदानात वाऱ्याची दिशा बघून उडवून पाहिलेला असला पाहिजे. वारा तुमच्याकडे येत असेल तर झोंबणार तुम्हालाच.

तुमचं पत्र आल्यावर मी एका संध्याकाळी साडेसातला रामदासपेठेतल्या एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात मुद्दाम उतरले. रॅम्प संपतो तिथं एक ट्यूबलाइट लुकलुकत होती. दुचाक्या हँडलला हँडल लावून अशा कोंबलेल्या, की स्वतःची काढायला शेजारच्या दोन हलवाव्या लागतात. फोन समोर धरून चालत गेले. रॅम्पवर रेंज होती, जनरेटरच्या खोलीपाशी एक दांडी राहिली, शेवटच्या खांबाशी तीही गेली. म्हणजे तिथून 112 लागेलच याचा भरवसा नाही, लाइव्ह लोकेशन पोचणार नाही आणि फोनमधलं ते धोक्याचं बटणही काही कामाचं नाही. आपण ज्या फोनच्या भरवशावर खाली उतरतो, तो नेमका तिथंच मुका होतो.

तेवढ्यात एक मुलगी आली. गाडीपाशी उभी राहून तिनं पर्स सीटवर ठेवली, दोन्ही हात वर करून स्कार्फ गुंडाळला, पिन दातात धरली, मग हातमोजे, मग किल्ली शोधायला पर्समध्ये डोकं. मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते. माझ्या घड्याळात अडीच मिनिटं गेली, पण तिनं शेवटपर्यंत मला पाहिलं नाही. नागपूरच्या उन्हात आणि धुळीत स्कार्फ सुटणार नाही, मेमध्ये तर 45 अंशांत त्याच्यावाचून निघताच येत नाही. पण तो बांधायची जागा पार्किंग नव्हे. ऑफिसातच, दिव्याखाली, चार माणसांत बांधा. किल्ली लिफ्टमध्ये शिरायच्या आधी बोटात अडकवा. इअरफोन कानातून काढा, कारण स्कार्फमुळे कानांवर आधीच एक पडदा असतो. डिकीत सामान ठेवायचं असेल तर पाठ भिंतीकडे आणि तोंड मोकळ्या जागेकडे राहील असं उभं राहा. हेल्मेट शेवटी, गाडीवर बसल्यावर. एवढं केलंत की त्या अडीच मिनिटांची वीस सेकंदं होतात, आणि त्या वीस सेकंदांत तुमचे डोळे मोकळे असतात.

उतरायच्या आधी, रेंज असतानाच, घरी एक फोन: "खाली जातेय, पाच मिनिटांत रस्त्यावर येऊन पुन्हा करते." पाच मिनिटांत फोन आला नाही तर घरच्यांनी कॉम्प्लेक्सच्या वॉचमनला लावायचा. त्यासाठी वॉचमनचा नंबर घरी असायला हवा. रस्त्याला लागल्यावर वाटलं तर व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन चालू करा. 15 मिनिटं, 1 तास, 8 तास अशी सोय असते, तुम्हाला मनीषनगर गाठायला एक तास भरपूर झाला. आणि ज्या दिवशी उशीर होणार हे दुपारीच कळलेलं असतं (रिटर्नच्या दिवसांत कळलेलंच असतं), त्या दिवशी साडेपाचच्या सुमारास, इतर ऑफिसं सुटताना, पार्किंगमध्ये गर्दी असते तेव्हा खाली जा आणि गाडी वर आणून लावा, तोंड रस्त्याकडे करून. रिकाम्या झालेल्या जागा तेव्हा सापडतात. माझ्या मते तुमच्या अडचणीवरचा हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. नाहीतर त्या दहा-पंधरा दिवसांपुरती मेट्रो बघा. काँग्रेसनगर किंवा रहाटे कॉलनी स्टेशनवरून ऑरेंज लाइन थेट उज्ज्वलनगरला सोडते. तिथून घरापर्यंतचा तुकडा कसा आहे, उजेड किती आहे, हे एकदा संध्याकाळी चालून बघा मगच ठरवा.

चारचाकीवाल्या वाचकांसाठी थोडं. गाडीत बसायच्या आधी मागच्या सीटवर नजर टाका, बसल्याबरोबर दारं लॉक करा आणि मोबाइल बघायचा तो गाडी तिथून हलल्यावर. पार्किंगमधून गाडी काढताना टायर बसलेला दिसला, कुणी "ऑइल गळतंय" म्हणून सांगितलं, नोटा पडल्यात म्हणून खुणावलं, तर खाली उतरून वाकू नका. नोव्हेंबर 2019 मध्ये हैदराबादजवळ टोलनाक्यापाशी एका तरुण पशुवैद्यक डॉक्टरच्या उभ्या स्कूटरची हवा मुद्दाम काढली गेली आणि मदतीच्या बहाण्यानं आलेल्यांनीच तिचा जीव घेतला, असं पोलिसांच्या तपासात पुढे आलं. तिची काडीचीही चूक नव्हती. तिनं बहिणीला फोनही केला होता. त्या घटनेपासून मी प्रत्येकीला सांगते, पंक्चर झालेली गाडी तिथंच राहू द्या. जिथं चार माणसं आणि दिवा आहे तिथं परत जा आणि मदतनीस आपण निवडा, आपणहून चालत आलेला नको.

आणि ज्येष्ठ वाचकांनो, सकाळी फिरायला जाताना कुणी "आम्ही पोलीस आहोत, पुढे लफडं झालंय, दागिने काढून रुमालात ठेवा" म्हणालं तर तो पोलीस नव्हे. पोलीस कधीही दागिने काढायला सांगत नाहीत. रस्त्याच्या उजव्या बाजूनं चाला, म्हणजे वाहनं समोरून येताना दिसतात, मागून येऊन गळ्याला हात घालणं अवघड जातं. हिसकावून नेणं हा आता भारतीय न्याय संहितेत कलम 304 खाली वेगळा गुन्हा आहे, शिक्षा 3 वर्षांपर्यंत. मंगळसूत्र गेलं तर गेलं म्हणून गप्प बसू नका.

ताई, पुन्हा तुमच्याकडे येते. घरातल्यांचं आणि तुमचंही एक गृहीत आहे, की धोका त्या तळघरात आणि रात्रीच्या आठात आहे. तिथून तुम्हाला उचललं की प्रश्न मिटला. मला हे पटत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात, की बलात्काराच्या 100 पैकी 90 हून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, मित्र, कामावरचा माणूस. नोकरी सोडून घरी बसल्यानं हा धोका कमी होत नाही. तुमचा पगार, तुमची चार माणसं आणि शहरातलं तुमचं जाणंयेणं मात्र जातं. आणि आठवीतली मुलगी हे सगळं बघत असते.

शिवाय ते तळघर अंधारं आहे याची जबाबदारी तुमची कशी? कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा कलम 19 मध्ये मालकावर स्पष्ट जबाबदारी टाकतो, की कामाची जागा सुरक्षित ठेवायची, आणि त्यात तिथं संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनची सुरक्षितताही आली. तुमच्या साहेबांना लेखी कळवा. कॉम्प्लेक्सच्या सोसायटीला द्यायच्या अर्जावर ऑफिसातल्या आणि वरच्या-खालच्या मजल्यांवरच्या सगळ्या बायकांच्या सह्या घ्या. तुम्हाला आश्चर्य वाटेल की त्यातल्या कितीजणी "मलाही एकदा" म्हणून सुरुवात करतील. अर्जात "सुरक्षेची व्यवस्था करावी" असलं मोघम लिहू नका. कुठल्या खांबाजवळचा दिवा बंद आहे, कॅमेऱ्याचं तोंड कुठे आहे, वॉचमन किती वाजता जागेवरून उठतो, असं एकेक लिहा. रॅम्पपाशी बेल बसवा म्हणा, खालून दाबली की वर वाजेल अशी. तिला रेंज लागत नाही.

मॉलमध्ये, दुकानांत, मिहानमधल्या कंपन्यांत रात्रपाळी करणाऱ्या मैत्रिणींनी हेही लक्षात ठेवावं: महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि तिच्या घराच्या दारापर्यंत सोडायची सोय मालकानं करायची असते. दारापर्यंत, चौकापर्यंत नव्हे.

पोलिसांकडे जावं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. जावं, असं मला वाटतं. वाट अडवणं आणि बाईला लाज आणण्यासाठी बोलणं, हे दोन्ही गुन्हे आहेत. यातल्या दुसऱ्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 79 खाली 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तो पुन्हा पुन्हा मागावर दिसला तर कलम 78 लागू होतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, "ही आमची हद्द नाही" हे उत्तर चालत नाही, आणि नोंदीची प्रत फुकट मिळते. एकट्यानं ठाण्यात जायला संकोच वाटत असेल तर नागपूर पोलिसांचा भरोसा सेल बायकांच्या अशाच तक्रारींसाठी आहे. फक्त एक गोष्ट वेळेवर करा, कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवा अशी लेखी मागणी सोसायटीकडे आजच द्या. जुन्यावर नवं चित्रण चढत जातं. तुमचं कदाचित पुसलं गेलेलं असेल, तरी मागणी द्या. पुढचीसाठी ती उपयोगी पडेल.

यजमान न्यायला येतो म्हणतात, त्यामागे काळजी आहे आणि थोडी त्यांची स्वतःची भीतीही. ती मोडीत काढू नका, पण कायमची व्यवस्थाही करू नका. एखाद्या शनिवारी दिवसाउजेडी त्यांना घेऊन खाली जा. रेंज कुठे जाते, दिवा कुठे नाही, हे दोघांनी मिळून बघा. तुमचा पाय जिथं अडतो तिथं त्यांच्यासोबत पाच मिनिटं उभ्या राहा. मग दोन आठवडे त्यांनी रॅम्पच्या वर थांबावं, खाली तुम्ही एकट्या उतरा. त्यानंतर त्यांनी यायचं की नाही ते तुम्ही सांगा. झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल आणि हे महिनाभर चाललं तर समुपदेशकाकडे जा, यात कमीपणा काही नाही.

आणि लेक. तिला "जपून जा" एवढंच सांगू नका, त्यातून तिला काय करायचं ते कळत नाही. ती सायकल चालवते ना? मग सावध राहणं तिला येतंच. खड्डा कुठे, गाय कुठे, उभ्या कारचं दार अचानक उघडेल का, हे ती न घाबरता बघत असते. तीच नजर माणसांवर ठेवायची. ट्यूशनच्या वाटेवर रात्री उशिरापर्यंत उघडं असणारं मेडिकल कुठलं, डेअरी कुठली, आत शिरून "काकू, मला थांबू द्या" म्हणता येईल असं घर कुठलं, हे एकदा तिच्यासोबत सायकलवरूनच बघून या. गच्चीवर नेऊन तिला ओरडायला लावा, आणि तुम्हीही ओरडा. शेजारी विचारतील, सांगा काय चाललंय ते.

ओरडायचं काय, हेही शिकवा. 'वाचवा' म्हटलं की गर्दीतला प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघतो. बिब लताने आणि जॉन डार्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1968 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. खोलीत धूर सोडला, तेव्हा एकट्या बसलेल्यांपैकी 75 टक्के लोकांनी उठून बाहेर सांगितलं. शेजारी दोन माणसं मख्खपणे बसवून ठेवली, तर फक्त 10 टक्क्यांनी. लोक दुष्ट नसतात, त्यांना आपली पाळी आहे हे कळत नाही. म्हणून एकाला धरायचं. "निळा शर्टवाले काका, इकडे या! हा माणूस माझ्या मागे येतोय." रंगानं, चष्म्यानं, हातातल्या पिशवीनं हाक मारली की तो माणूस हलतो. आणि हीच हाक ओळखीच्या माणसाच्या विरोधातही मारायची मुभा तिला आहे, हे तिला तुमच्या तोंडून कळू द्या. काका असो, सर असो, दादा असो. कुणाच्या मांडीवर बसायचं नाही, कुणाच्या गाडीवर मागे बसायचं नाही असं तिला वाटलं, तर "असं बोलू नये" म्हणून तिला गप्प करू नका.

नावानं मारलेल्या हाकेला माणूस सगळ्यात लवकर येतो. तुमच्या पत्रात चार वेळा "आमचा वॉचमन" आला आहे, नाव एकदाही नाही. सहा वर्षं तुम्ही त्यांच्यासमोरून गाडी काढताय. सोमवारी जाताना दोन मिनिटं थांबा, त्यांचं नाव आणि नंबर विचारून घ्या, तुमचं नाव त्यांना सांगा, आणि त्या संध्याकाळी खाली काय झालं तेही.